जुनी फेरारी आणि अकरा वर्षांचा हिशेब

माझ्याकडे फेरारी आहे असं कळलं की गावाकडचा माणूस विचारतो, "केवढ्याला घेतली?" दुबईतला माणूस विचारतो, "आता केवढ्याला जाईल?" "ठेवायला काय लागतं?" असं विचारणारे अकरा वर्षांत मला चार-पाचच भेटले. त्यातले तिघे स्वतः तसल्याच गाडीचे मालक होते.

या प्रश्नाचं उत्तर आता लिहून ठेवावं म्हणतो, कारण गाडी विकायची वेळ आली आहे. १९९६ साली मी एसीच्या कामावर दुबईत आलो. पुढे स्वतःचा छोटा धंदा काढला. आता पुढच्या वर्षी आम्ही दोघं कोकणात परततोय. गाडीची फाइल गेले पंधरा दिवस जेवणाच्या टेबलावर पडून आहे. बायको म्हणते, "मुलांच्या दहावीच्या पुस्तकांनीही या टेबलावर एवढे दिवस काढले नव्हते."

आधी गाडी कोणती ते सांगतो. फेरारी ३६० मोडेना. मराठी माणसाला फेरारी म्हटलं की जी गाडी डोळ्यांसमोर येते, तीच ही. २००२ साली सचिन तेंडुलकरने कसोटी शतकांच्या बाबतीत डॉन ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली. फियाट कंपनीने त्याला लाल रंगाची ३६० मोडेना भेट दिली, तीही मायकेल शूमाकरच्या हस्ते. मग ती भारतात आणायची म्हटल्यावर एक कोटी रुपयांहून जास्त आयात शुल्काचा प्रश्न उभा राहिला. सरकारने ते माफ करायचं ठरवलं, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी शुल्क कंपनीनेच भरलं. २०११ मध्ये सचिनने ती गाडी विकली आणि ती सुरतला गेली. पुढे 'फेरारी की सवारी' नावाचा सिनेमाही आला. शुल्काच्या बातम्या मी दुबईत पेपरात वाचत होतो. ज्या गाडीसाठी शुल्काचाच आकडा कोटीत जातो ती गाडी मी कधी घेईन, असं तेव्हा मनातही नव्हतं.

३६० मोडेना १९९९ साली बाजारात आली. मोडेना म्हणजे एन्झो फेरारी यांचं जन्मगाव, आणि कारखाना तिथून जवळच मारानेल्लोला. संपूर्ण सांगाडा ॲल्युमिनियमचा असलेली ही त्या कंपनीची नेहमीच्या उत्पादनातली पहिली गाडी. इंजिन पाठीमागे, माणसाच्या पाठीला जवळजवळ टेकलेलं. आठ सिलिंडर, ३५८६ सीसी, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह म्हणजे एकूण चाळीस, आणि ८५०० फेऱ्यांवर ४०० अश्वशक्ती. मागच्या काचेतून ते इंजिन दिसतं. नवीन असताना अमेरिकेत तिची किंमत १ लाख ४० हजार डॉलरच्या आसपास होती.

मी २०१४ मध्ये घेतली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि १,८५,००० दिरहमला मिळाली. २०२५ च्या भावाने एक दिरहम म्हणजे साधारण २३ रुपये धरा. गडद निळा रंग, ४१,००० किलोमीटर झालेले. तेवढ्याच पैशात तेव्हा एखादी नवी, सगळं काही असलेली मोठी एसयूव्ही आली असती. म्हणजे एक गोष्ट खरी आहे की फेरारी स्वस्त होते. आणि नेमकी ती सर्वांत स्वस्त होते तेव्हाच तिच्यापासून सर्वांत सावध राहायचं असतं.

याचं गणित सोपं आहे. नवी गाडी घेणारा श्रीमंत असतो, त्याला देखभालीचं बिल लागत नाही. दुसरा मालकही बऱ्यापैकी असतो. भाव उतरत उतरत दहा-बारा वर्षांनी गाडी अशा माणसाच्या हातात येते, ज्याने ती घेण्यातच सगळे पैसे घातलेले असतात. मग तो एक सर्व्हिस पुढे ढकलतो, दुसरी टाळतो आणि गाडी विकतो. पुढचा मालक स्वस्त मिळाली म्हणून खूश होतो. पण मागच्या दोघांनी न भरलेली बिलं त्याच्या नावावर चढलेली असतात.

माझा मामेभाऊ शारजाच्या औद्योगिक वसाहतीत एका गॅरेजमध्ये आहे. मूळचा खेड तालुक्यातला, वीस वर्षं इटालियन गाड्यांवर हात बसलेला. मी गाडी घ्यायचं काढलं तेव्हा तो म्हणाला, "भाई, गाडीचा भाव बाजार पाडतो. पार्टचा भाव कोण पाडणार? तुम्ही दोन लाखांची गाडी घ्याल, पण बिल पाच लाखांच्या गाडीचंच येईल." मग त्याने अट घातली की गाडी तो पसंत करणार. आम्ही पाच गाड्या पाहिल्या. चार त्याने नाकारल्या. एकीचा रंग इतका चकचकीत होता की मी तिथेच हो म्हणणार होतो. त्याने रंगाची जाडी मोजायचं यंत्र दाराला लावलं आणि काही न बोलता आपली पिशवी उचलली. ॲल्युमिनियमची गाडी ठोकली गेली तर ती सरळ करणारे कारागीर वेगळे असतात. साध्या गॅरेजात ठोकून-ठाकून केलेलं काम पुढे चाकांच्या अलाइनमेंटमध्ये बाहेर येतं.

पाचवी गाडी दिसायला सर्वांत साधी होती. बाजूला दोन ओरखडे, सीटचं चामडं उजवीकडे घासलेलं. पण तिच्याबरोबर एक जाड फाइल होती. पहिल्या दिवसापासूनची बिलं, तारखा, किलोमीटर. पहिला मालक कोण होता ते मला आजही माहीत नाही, पण त्याने सात वर्षांत एकही सर्व्हिस चुकवली नव्हती. दुसऱ्यानेही नाही. शिवाय गाडी आखातासाठी बनवलेली, म्हणजे इथले लोक जिला 'जीसीसी स्पेक' म्हणतात ती. मामेभावाने प्रत्येक सिलिंडरचं प्रेशर तपासलं, कॉम्प्युटर लावून क्लच किती उरलाय ते पाहिलं, आणि फाइलवर हात ठेवून म्हणाला, "ही घ्या. गाडी नंतर बघा."

आता खर्चाकडे येऊ. सगळ्यांत आधी टायमिंग बेल्ट.

इंजिनच्या पुढच्या बाजूला दोन रबरी पट्टे असतात. क्रँकशाफ्ट फिरली की त्या पट्ट्यांनी कॅमशाफ्ट फिरतात आणि व्हॉल्व्ह ठरलेल्या क्षणी उघडझाप करतात. पट्टा तुटला की तो मेळ तुटतो. पिस्टन वर येतो, व्हॉल्व्ह अजून खालीच असतो, दोघं एकमेकांवर आदळतात. मग इंजिन उघडण्यावाचून मार्ग नसतो आणि त्या बिलात दुसरी एखादी बरी गाडी येते. म्हणून हे पट्टे ठरावीक काळाने बदलायचेच असतात. रबर उष्णतेने आणि वयाने कडक होतं, त्यामुळे किलोमीटर कितीही कमी असोत, तीन वर्षं हा हिशेब बहुतेक जाणकार मालक पाळतात. या मालिकेतल्या आधीच्या एफ३५५ ला पट्टे बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. ३६० मध्ये सीटच्या मागचं एक झाकण काढलं की पट्ट्यांपर्यंत हात पोचतो. तिच्यानंतर आलेल्या एफ४३० मध्ये पट्ट्यांच्या जागी साखळी आली आणि हा त्रासच संपला. म्हणजे माझी गाडी दोन पिढ्यांच्या मधली. जरा सोपी, पण पट्टे चुकत नाहीत.

गंमत अशी की हे काम झाल्यावर गाडीत काहीच फरक पडत नाही. नवे टायर घातले की गाडी रस्त्याला चिकटून चालते, एसी दुरुस्त केला की गार हवा येते. पट्टे बदलून गाडी बाहेर आली की ती अगदी कालच्यासारखीच चालते. आठ-साडेआठ हजार दिरहम देऊन तुम्ही फक्त एक न घडलेली गोष्ट विकत घेता.

दुसरा खर्च क्लचचा. माझ्या गाडीला क्लचचं पेडल नाही. स्टिअरिंगच्या मागे दोन पाती आहेत, उजवं ओढलं की वरचा गिअर, डावं ओढलं की खालचा. आत मात्र साधाच क्लच आहे, तो पायाऐवजी पंप आणि कॉम्प्युटर दाबतो. या यंत्राला ट्रॅफिक आवडत नाही आणि चढावर रिव्हर्स तर मुळीच नाही. शेख झायेद रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत ही गाडी नेणं म्हणजे क्लच किसणीवर घासणं. पेडल आणि हाताने टाकायचे गिअर असलेली ३६० तेव्हाही महाग होती आणि आज तर फारच महाग आहे, म्हणून मी पात्यांची घेतली. क्लच २०१८ मध्ये बदलला.

मग टायर. मागचे २७५ मिलिमीटर रुंद, पुढचे २१५. नक्षी जराही झिजलेली नसते, तरी पाच वर्षं उलटली की बदलावे लागतात, कारण इथे जुने टायर पासिंगला चालत नाहीत. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पासिंगवाला वाकून आधी तेच वाचतो. वर्षाचा विमा, मुल्कियाचं नूतनीकरण, पासिंग हे वेगळं. जुन्या गाडीला पूर्ण विमा द्यायला बऱ्याच कंपन्या तयार नसतात, तेव्हा गाडीचं मूल्यांकन करून घेऊन विमा काढावा लागतो.

आणि वयाचे किरकोळ खर्च. त्या काळातल्या पुष्कळ महागड्या गाड्यांमध्ये आतल्या बटणांवर मऊ लेप असायचा. वीस वर्षांच्या उन्हाने तो वितळून फणसाच्या चिकासारखा बोटांना लागतो. तो खरवडून पुन्हा रंग द्यावा लागतो. सस्पेन्शनचे बॉल जॉइंट, एसीचे पाइप, रबराचं जे जे काही आहे ते सगळं.

अकरा वर्षांची बेरीज मी केली. आकडे दिरहममध्ये आहेत.

पट्ट्यांची मोठी सर्व्हिस, चार वेळा: ३४,०००
मधल्या वर्षांची ऑइल सर्व्हिस, सात वेळा: १४,०००
क्लच: १४,०००
टायर, तीन संच: १३,५००
ब्रेक: ६,०००
बॅटरी, चार: ३,६००
बटणं, एसी, सस्पेन्शन वगैरे: १८,०००
विमा, मुल्किया, पासिंग: ५५,०००
पार्किंगचं भाडं: ३९,६००
पेट्रोल: १०,०००

एकूण २,०७,७००. म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. या काळात ती चालली २२,००० किलोमीटर. भागाकार केला तर किलोमीटरला साडेनऊ दिरहमच्या आसपास. दुबईतल्या टॅक्सीच्या मीटरपेक्षा चौपट. आणि लोक विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" लीटरला साडेपाच देते, पण पेट्रोल हा या यादीतल्या सगळ्यांत छोट्या रकमांपैकी एक आहे.

आता दुसरी बाजू. ३६० चे भाव गेल्या काही वर्षांत वर गेले. मला आज २,७०,००० ची एक मागणी आहे. म्हणजे खरेदीपेक्षा ८५,००० जास्त. ते वजा केले तर अकरा वर्षांचा खरा खर्च १,२२,७०० उरतो, महिन्याला सव्वानऊशेच्या आसपास. नवी एसयूव्ही घेतली असती तर अकरा वर्षांत तिची किंमत जेवढी पडली असती, तेवढाच किंवा कमीच. हा हिशेब दाखवला की मित्र लगेच म्हणतात, "म्हणजे ती इन्व्हेस्टमेंटच होती की!"

हा शब्द मी वापरत नाही, आणि त्याला एक कारण आहे. दर रमजानमध्ये जकातीचा हिशेब करायला बसतो तेव्हा वापरातलं वाहन मी त्यात धरत नाही, कारण स्वतःच्या वापराच्या वस्तूवर जकात नसते. विकून नफा कमवायला जो माल घेतला, त्याच्यावर मात्र चालू बाजारभावाने अडीच टक्के लागते. अकरा वर्षं मी वहीत ही गाडी 'वापरातली' म्हणून लिहिली. मग मित्रांसमोर तिला गुंतवणूक कसं म्हणू? खर्च झाकायला गुंतवणूक आणि जकातीच्या वेळी वापराची वस्तू, असं दोन्हीकडून बोलता येत नाही. भाव वाढला हे माझं नशीब. तो पडलाही असता. पैसे मी मजेसाठी घातले, हे एकदा स्वच्छ मान्य केलं की पुढचे प्रश्नही नीट विचारता येतात. ही मजा परवडते का? घरच्यांच्या वाटणीचं काही कमी होतंय का? आमच्यात ठरलं होतं की गावच्या घराचं छप्पर आधी, मुलीची फी आधी, गाडी नंतर. मुलीच्या शेवटच्या वर्षाची फी भरेपर्यंत २०१६-१७ मध्ये गाडी आठ महिने जवळपास उभीच होती.

तर मजा काय होती?

वेग म्हणाल तर आता त्यात काही राहिलं नाही. शून्य ते शंभरला या गाडीला साडेचार सेकंद लागतात. आज बायका-मुलांना घेऊन मॉलला जाणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्या हिला सिग्नलवर मागे टाकतात, आणि आतल्या माणसाचा चहाही सांडत नाही. शिवाय रस्त्यावर रडार आहेत. ४०० अश्वशक्तीतली दीडशेसुद्धा मी कधी सलग वापरली नसेल.

मजा जबल हफीतच्या घाटात आहे. अल ऐनच्या बाहेर एकटाच उभा डोंगर, त्यावर चढणारा पावणेबारा किलोमीटरचा रस्ता आणि साठ वळणं. पूर्वी इथे सुट्टी शुक्रवारची असायची. हिवाळ्यात फजरची नमाज पढून मी निघायचो, उजाडताना घाटाच्या पायथ्याशी, आणि जुम्याच्या नमाजेआधी घरी. २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवारवर गेली तेव्हा माझा वार बदलला, वेळ तीच राहिली. त्या घाटात साठ-सत्तरच्या वेगातही ही गाडी तुमच्याशी बोलते. रस्त्यावरचा खडा स्टिअरिंगमधून तळहाताला कळतो. वळणात शिरताना पुढची चाकं कुठे आहेत हे बघावं लागत नाही, कळतं. नव्या गाड्या चुका पोटात घालतात. ही गाडी चूक झाली की सांगते, आणि वळण बरोबर बसलं की तेही सांगते.

आणि आवाज. चार हजार फेऱ्यांपर्यंत ती एक जरा जास्त बोलकी गाडी असते. पाच हजारांनंतर आवाजाची जात बदलते. खालचा घोगरा सूर निघून जातो आणि सनईने वरची पट्टी धरावी तसं काहीतरी सुरू होतं. घाटात एका बाजूला कापलेला कातळ आहे, तिथून तो आवाज परत येतो. काच खाली करून मी तेवढा पट्टा दुसऱ्या गिअरमध्ये काढतो. अकरा वर्षांत त्याचा कंटाळा आला नाही.

माझे अब्बा जहाजावर इंजिन खात्यात होते. आमच्या खाडीकाठच्या गावात तेव्हा घरटी एक माणूस जहाजावर असायचा. ते सुट्टीवर आले की शेजाऱ्याच्या होडीचं डिझेल इंजिन कान लावून ऐकायचे आणि कुठे काय ढिलं आहे ते सांगायचे. "चालतं इंजिन दुखतं, उभं इंजिन मरतं," हे त्यांचं वाक्य. जुन्या फेरारीला ते तंतोतंत लागू पडतं. जपून ठेवायची म्हणून कापड टाकून उभी केलेली गाडी आतून वाळते. सील सुकतात, तेल गळायला लागतं, बॅटरी मरते, टायरला एकाच जागी सपाटी येते. पैसे वाचवायला गाडी न चालवणं हाच तिच्यावरचा सगळ्यांत महाग उपाय आहे. म्हणून उन्हाळ्याच्या पंचेचाळीस डिग्रीतसुद्धा दर दहा-बारा दिवसांनी पहाटे मी तिला अर्धा तास फिरवून आणतो. हे काम आहे, पण या कामातच माझा कान तयार झाला. आता थंड इंजिन सुरू करताना पंपाचा आवाज अर्धा सेकंद लांबला तरी मला कळतं.

दुसरी मजा माणसांची. पेट्रोल पंपावर गाडी थांबली की पंपावरचा मुलगा आधी हात पुसतो, मग नोझल उचलतो. बांधकामावरचे पठाण, मल्याळी, बिहारी मजूर फोटो काढायला येतात. मी त्यांना आत बसवतो. एकाने व्हिडिओ कॉल लावून मुलाला गाडी दाखवली. मुलाने लगेच विचारलं, लाल का नाही? हा प्रश्न मला निदान शंभर वेळा आला असेल.

यातच एक छुपा खर्चही आहे. गाडी घेतल्यावर गावात माझं नाव 'फेरारीवाला' पडलं. जो माणूस फेरारी ठेवतो त्याला पन्नास हजार उसने द्यायला काय जड आहे, असं लोकांना वाटणं साहजिकच होतं. काही नाती त्यामुळे अवघडली. मशिदीत जाताना मी ती गाडी कधी नेली नाही. मना कुणी केलं नव्हतं, पण बाहेर बूट काढताना लोकांच्या नजरा गाडीवरून माझ्यावर आल्या असत्या, ते मला नको होतं.

१६ एप्रिल २०२४ चा पाऊस इथल्या कुणी विसरणार नाही. अल ऐनजवळ खतम अल शक्लाला एका दिवसात २५४ मिलिमीटर. कोकणात जुलैमध्ये एवढा पाऊस पडतो आणि वाहूनही जातो. इथे तो वाहून जायला ओढा नव्हता. आमच्या इमारतीच्या तळघरात पाणी यायला लागलं तेव्हा बायको म्हणाली, "आधी माझी गाडी काढा, ती रोज लागते." तिची काढली, मग निळी काढून शेजारच्या बहुमजली पार्किंगच्या चौथ्या मजल्यावर नेली. दोन्ही वाचल्या. आज जो जो घेणारा येतो त्याचा पहिला प्रश्न असतो, "पाण्यात होती का?" चौथ्या मजल्यावरच्या पार्किंगची त्या रात्रीची पावतीही मी फाइलमध्ये लावून ठेवली आहे.

बरेच जण म्हणतात, गावाला घेऊन जा. ते शक्य नाही. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात आणता येत नाही. स्टिअरिंग उजवीकडे हवं, इथल्या गाड्यांचं डावीकडे असतं. कार्नेचे कागद करून ती ठरलेल्या मुदतीपुरती पाहुणी म्हणून येऊ शकते, पण मुदत संपली की परत न्यावी लागते. आणि आणली असती तरी आमच्या गावात शिरताना पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट टेकलं असतं. शारजात मामेभावाकडे ठेवावी असंही एकदा मनात आलं. पण मालक नाही आणि गाडी आहे, हे फार दिवस चालत नाही. त्याचा संसार आहे, त्याच्या डोक्यावर माझी हौस कशाला?

खरं तर आखातात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना हे नवीन नाही. घर भाड्याचं, राहणं व्हिसाचं. जाताना बॅगेत काय बसतं तेवढंच आपलं. मी गाडी घेतली तेव्हाही हे माहीत होतं. पण पहिल्या मालकालाही ती सोडावी लागलीच होती, दुसऱ्यालाही. त्या दोघांनी बिलं भरली म्हणून मला अकरा वर्षं मिळाली. जुनी गाडी घेताना आपण सगळ्यांत जास्त पैसे कशाचे देतो, तर आधीच्या माणसाच्या शिस्तीचे.

मागण्या दोन आहेत. २,७०,००० वाला व्यापारी आहे. त्याने फोनवर रंग, किलोमीटर आणि शेवटचा भाव विचारला. गाडी कंटेनरमध्ये घालून तो बाहेर पाठवणार. दुसरा अजमानचा एक तरुण इमाराती, २,५०,००० म्हणतो. तो घरी आला, चहा घेतला आणि दोन तास फाइल वाचत बसला. मग विचारलं, "अंकल, बेल्टची पुढची तारीख २०२६ ची आहे. ती सर्व्हिस तुम्ही करणार की मी?"

वीस हजार दिरहम ही थोडी रक्कम नाही. साडेचार लाख रुपयांच्या वर जाते, गावच्या विहिरीवर पंप आणि पाइपलाइन दोन्ही होतील. बायकोशी बोललो. ती म्हणाली, "त्या पोराला द्या. व्यापाऱ्याने फाइल मागितली का?" नव्हती मागितली.

पोराला हो म्हटलं आहे. कागद जानेवारीत होतील. त्याआधी गाडी शारजाला जाईल आणि पट्टे बदलून येईल. पैसे मीच देणार. मामेभावाला सांगून ठेवलं आहे की बिलावर तारीख आणि किलोमीटर स्वच्छ अक्षरात लिही, पुढे कुणीतरी ते वाचणार आहे.